लॅब्रॅडॉरचा विमा काढावा, की तेवढे पैसे डब्यात टाकावे?

रावेरचा_केळीवाला
घरी दीड वर्षाची लॅब आहे, राणी. मागच्या पावसाळ्यात गोचीडतापाने आठ दिवस सलाईनवर होती, ९ हजार गेले. पोरगा पुण्याला असतो, तो मागे लागलाय, "पप्पा, तिचा विमा काढून टाका." वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास हप्ता सांगताहेत.

आता मी बैलांचा विमा काढलेला माणूस. विमा म्हटलं की मला आधी कानातला बिल्ला दिसतो. बैल गेला तेव्हा बिल्ला कुठल्या तरी बोरी-बाभळीत अडकून पडलेला. साहेबांनी सांगितलं, बिल्ला नाही तर दावा नाही. विषय संपला. माझं मत, हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे. साडेचार हजार दरवर्षी डब्यात टाकावे, राणी निरोगी राहिली तर पैसे आपलेच. पटत नसेल त्यांनी बोला.

धुळ्याची_ताई
दादा, मला नाही पटत. बैलाचा विमा जनावर मेल्यावर पैसे देतो. कुत्र्याच्या नव्या पॉलिसीत मुख्य भाग असतो तो ऑपरेशनचा नि दवाखान्यात ठेवण्याचा. जीव वाचवायला पैसे, नुसते मेल्यावर नाही.

आमचा मोती साधा देशी. पारोळा रोडवर मोटारसायकलने उडवला, मांडीचं हाड मोडलं. धुळ्यात प्लेट टाकणारं कोणी सापडेना, नाशिकला नेला, २८ हजार. डब्यात तेव्हा ६ हजार होते. डबा भरेपर्यंत कुत्रं थांबतं का?

भुसावळ_जंक्शन
मग विम्यातून किती सुटले ताई?

धुळ्याची_ताई
तेव्हा विमा नव्हताच. मंगळसूत्र सोडून बाकी सगळं मोजलं. म्हणून तर सांगते.

भुसावळ_जंक्शन
काय भो, म्हणजे विम्याचा अनुभव इथे कोणालाच नाही! मला आहे. भावाच्या पगचा होता. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी गच्चीवर राहिला, उष्माघात झाला. वाचला बिचारा. पण दावा परत आला, कारण डॉक्टरांनी बिल लिहिलं होतं कॅलेंडरच्या मागच्या कागदावर. तारीख नाही, शिक्का नाही. कंपनीचं चुकलं म्हणावं तर तसंही नाही.

(आमच्या गल्लीत एकाने हस्की आणलाय. भुसावळात! त्याला विमा नको, कूलर द्या.)

गुरांचा_डॉक्टर
त्या कॅलेंडरवाल्यांपैकी मीही एक, म्हणून कबुली देऊन बोलतो. खान्देशात कुत्र्याच्या विम्याचं घोडं हप्त्यावर अडत नाही, कागदावर अडतं. बिलावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, निदान, तारीख, तपासणीचे रिपोर्ट सगळं लागतं. आम्ही अर्धे लोक गोठ्यातून येता येता कुत्रं बघतो, पावती कोण करणार? तुम्हीच मागून घ्या, आम्ही नाही म्हणणार नाही.

दुसरं, लसीचं पुस्तक. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यांच्या लसी वेळेवर नसतील तर त्या आजारांचा दावा सहसा फेटाळतात. पॉलिसी घेतल्यावर आजारांच्या दाव्यासाठी काही दिवस थांबावं लागतं, आणि आधीपासून असलेला आजार बाहेर. मोठ्या जनावरांच्या विम्याला सरकारी अनुदान मिळतं, त्या यादीत कुत्रा नाही, तेव्हा हप्ता पूर्ण तुमचाच.

रावेरचा_केळीवाला
म्हणजे राणीला झालेला गोचीडताप, ज्याची मला धास्ती, तोच बाहेर! मग मी काय म्हणत होतो?

गुरांचा_डॉक्टर
तो ताप पुन्हा उलटला तर कंपनीवाले वाद घालू शकतात, खरंय. म्हणून प्रस्तावात लपवू नका, आणि पॉलिसीत त्याबद्दल काय लिहिलंय ते हप्ता भरायच्या आधी विचारा. पण नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, तेव्हा रात्रीतून ऑपरेशन लागतं. मला विचाराल तर विम्याआधी तिची नसबंदी करा, तो खर्च एकदाच.

चाळीसगाव_शिवार
सगळे दवाखान्यातच अडकलेत. आमच्याकडे मळ्यात कुत्रं घोणसाच्या नाही तर बिबट्याच्या तोंडी जातं, तिथे ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही. मला विम्यातलं एकच कलम कामाचं वाटतं, ते म्हणजे कुत्रं दुसऱ्याला चावलं तर द्यावी लागणारी भरपाई. काही पॉलिसीत ते असतं. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड विमा भरणार नाही, पण दूधवाल्याच्या उपचाराचं मात्र बघता येतं.

रावेरचा_केळीवाला
आमची राणी चावत नाही.

चाळीसगाव_शिवार
आमचा वाघ्याही चावत नव्हता, दादा. मग गॅसवाला आला.

धुळ्याची_ताई
😂 बरं, दादा, खरं सांगा. परवा राणीच्या पायाला काही झालं, तर अकोल्याच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेणार की डबा फोडणार?

रावेरचा_केळीवाला
नेणार, त्यात काय विचारायचं. पण ताई, तिथली फी नि गाडीभाडं मला परवडतं. ज्याला परवडत नाही, त्याला हप्ताही परवडत नाही. हे कोणी बोललं नाही अजून.

असो. उद्या लसीचं पुस्तक शोधतो, बहुतेक पोराच्या दप्तरात असेल. आणि डॉक्टरसाहेब, कुत्र्याला बिल्ल्याऐवजी चिप बसवतात म्हणे. ती गळत नाही ना?

भुसावळ_जंक्शन
कातडीखाली असते भो. बोरीत अडकणार नाही.