मदत हवी आहे: मशीन मोल्डरांचे अंगठे घेत नाही, आणि लाईट गेली की दार उघडं

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअर बघतो. आमच्या पॅटर्न स्टोअरला सहा महिन्यांपूर्वी अंगठ्याचं मशीन आणि मॅग्नेटचं कुलूप बसवलं. आत गिऱ्हाइकांचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा पाडायचे नमुने, असतात. एक जरी गेला तरी नवा करून मिळेपर्यंत ऑर्डर अडकते, म्हणून नऊच जणांना आत सोडायचं ठरलं.

पण वर्षानुवर्षं वाळूत हात घालून साचे करणाऱ्या मोल्डरांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. खानापूरकडचे आमचे एक मामा तीस वर्षं मोल्डिंग करतात, त्यांचा अंगठा दहातल्या आठ वेळा लागत नाही. ऑफिसातल्या पोरांना दार लगेच उघडतं आणि हे बोट पुसत उभे. "चोर ठरवल्यासारखं वाटतं रे," असं परवा म्हणाले. फार लागलं मला ते. आता एकानं दार उघडलं की बाकीचे त्याच्या मागून शिरतात, त्यामुळे नोंदही खरी राहिलेली नाही.

त्यात गेल्या आठवड्यात पावसात रात्री लाईट गेली. सकाळी बघतो तर दार नुसतं ढकललं की उघडतंय! बॅटरी १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासाची. मॅग्नेटला अर्धा ॲम्पिअर लागतो, म्हणजे हिशेबानं बारा तास तरी चालायला हवी होती.

बसवणारा म्हणतो कार्ड घ्या. कार्डाची नक्कल होते म्हणतात, खरं का? आणि आत माणूस असताना आग लागली तर?

प्रतिसाद

१२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड फक्त आपला नंबर सांगतं, त्याची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिक नावाचं कार्डही नको, त्याचं कूट संशोधकांनी २००८ मध्येच फोडलंय. त्याऐवजी डेसफायर हे जास्त सुरक्षित कार्ड मागा. मात्र रीडर, म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, त्याचाही नुसता नंबर वाचत असेल तर पैसे वाया, हे आधी विचारून घ्या.

वीज गेल्यावर मॅग्नेट सुटणारच, माणूस आत अडकू नये म्हणून तो तसाच असतो. तुम्ही वीज गेल्यावर बंदच राहणारं इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसून कुलपाची जीभ अडवणारा विजेचा भाग, लावा. आतून मूठ फिरवली की दार विजेशिवाय उघडलं पाहिजे, त्यात तडजोड नको. बॅटरी जुनी झाली की निम्मीही साथ देत नाही, ती बदला.

आणि एक बघा. कुलपाच्या वायरी बाहेरच्या मशीनमध्येच येतात का? तसं असेल तर मशीन उचकटलं की दार हातात. बाहेर फक्त रीडर ठेवा, दार उघडायचं ठरवणारा कंट्रोलर आत.

धागाकर्ता

आत्ताच जाऊन बघितलं. वायरी मशीनमध्येच आहेत, आणि चारही स्क्रू बाहेरून! उद्याच त्याला बोलावतो. मामांनाही सांगितलं, कार्ड येतंय म्हणून. एवढंच सांगा, आमची चौकट जुन्या सागवानाची आहे, तिच्यात स्ट्राइक बसेल ना?