योकोहामातली इंटरनॅशनल शाळा: सेंट मॉर घ्यावी का?

कोथरूडची_पूर्वा
नवऱ्याची तीन वर्षांसाठी योकोहामाला बदली झालीये. मुलगा सीबीएसईत, सहावीला. एचआरने शाळांची यादी पाठवलीये, त्यात पहिलंच नाव सेंट मॉर. माँटेसरी, आयजीसीएसई, एपी, आयबी वाचून डोकं गरगरलं. नन्सनी काढलेली शाळा म्हणजे वातावरण कसं असेल? आणि परत आल्यावर पोराचं काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

बरणीतलं_लोणचं
पूर्वा, सोळा वर्षं योकोहामात काढली. लेक सातवीपासून सेंट मॉरला होती, त्याआधी भारतीय शाळेत. त्यामुळे दोन्हीकडचे डबे भरून झालेत.

आधी नन्सचं सांगते. मदर मॅथिल्ड राक्लो ही फ्रेंच बाई 1872 साली चार सिस्टर्सना घेऊन इथे उतरली तेव्हा 58 वर्षांची होती. आपण त्या वयात गुडघ्यांचं तेल शोधतो! जपानी माणसाला ख्रिश्चन व्हायला तेव्हा बंदी होती, तसे फलक गावोगावी लावलेले असत. ते फलक काढले 1873 मध्ये. म्हणजे बाई बंदी असतानाच आली. आशियातली सगळ्यात जुनी इंटरनॅशनल शाळा म्हणतात ती हीच. ‘सेंट मॉर’ हे नाव मुळात पॅरिसमधल्या रस्त्याचं, तिथे या सिस्टर्सचा मठ होता. थोडक्यात, उद्या कुणी योकोहामात ‘नारायण पेठ विद्यालय’ काढावं तसं.

1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात योकोहामातला मठ कोसळला, काही सिस्टर्स गेल्या. आजही दर 1 सप्टेंबरच्या सुमारास देशभर भूकंपाची कवायत असते. पहिल्या वर्षी लेक घरी आली आणि जेवणाच्या टेबलाखाली शिरून, एका हाताने टेबलाचा पाय धरून मला म्हणाली, “आई, तू पण ये, डोकं झाक.” कुकरची शिट्टी होत होती. मी आपली खाली. यामाशिता पार्कात एक भारतीय घुमटाचं कारंजं आहे, तेही त्याच भूकंपाची आठवण. शहराने इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना सावरलं म्हणून त्यांनी ते 1939 मध्ये बांधून दिलं. पहिल्या रविवारी मुलाला तिथे ने.

आता अभ्यासक्रम. लहानांना माँटेसरी. नववी-दहावीला आयजीसीएसई, केंब्रिजची परीक्षा. अकरावी-बारावीला आयबी डिप्लोमा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बारावी म्हण, किंवा एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे अमेरिकन विषय. आयबीत सहा विषय, प्रत्येकी 7 गुण, शिवाय चार हजार शब्दांचा निबंध आणि ज्ञानमीमांसेसारखा एक विषय, त्यांचे मिळून 3. एकूण 45. लेकीने तो निबंध लिहिताना घरातल्या सगळ्यांशी भांडून घेतलं होतं. वातावरण मोकळं आहे. प्रार्थना असते, पण धर्म बदला वगैरे कुणी म्हणत नाही. वर्गात तिच्या एका बाजूला कोरियन, दुसरीकडे ब्राझिलियन. थालीपीठाला ‘इंडियन पिझ्झा’ हे नाव पडलं ते कायमचं.

पण तुझ्या बाबतीत मी ‘नको’ म्हणेन. आयजीसीएसई दोन वर्षांची आहे. तीन वर्षांनी तू परतशील तेव्हा पोरगा नेमका नववीत, आणि सीबीएसईची दहावीसाठीची नोंदणी नववीतच होते. म्हणजे हे अर्धवट आणि ते सुरू नाही. मिदोरी वॉर्डात किरिगाओकाला इंडिया इंटरनॅशनल स्कूलची शाखा आहे, 2009 पासून. तिथे सीबीएसई मिळेल आणि वर्षही एप्रिलला सुरू होतं. सेंट मॉरचं ऑगस्टअखेर. बदली लांबणार असं नवऱ्याला जरा जरी वाटत असेल तर मात्र उलटं कर, थेट सेंट मॉर.

आणि फी. वर्षाला वीस लाख येनच्या वर, इमारत निधी आणि बस वेगळी. कंपनी किती भरणार हे लेखी घे. आमच्या वेळी एचआरने तोंडी ‘हो’ म्हटलं होतं, बसचे पैसे आम्हीच भरले.

होनमोकूचा_बाबा
लोणचंताईंशी सहमत. फक्त एक भर: योकोहामा इंटरनॅशनल स्कूल (1924) पण बघा. तिथे लहानपणापासून पूर्ण आयबी आहे, 2022 मध्ये नव्या इमारतीत आलेत. पण सीबीएसईत परतायचं असेल तर अडचण तीच. आणि 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. आमच्या पोराला परतल्यावर ‘ळ’ आणि ‘ल’ सारखेच दिसायला लागले होते. आजीशी रोज व्हिडिओ कॉल ठेवा.

कोथरूडची_पूर्वा
नवऱ्याला विचारलं, बदली लांबेल का. म्हणाला, “तुझ्या आईला आवडलं तर.” म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. उद्या किरिगाओकाला मेल टाकते, सेंट मॉरलाही टाकून ठेवते. ताई, किरिगाओकात कांदापोहे करायला पोहे मिळतात का?

बरणीतलं_लोणचं
पोहे मिळतात, जाड. पातळ पोहे मात्र बॅगेत दोन किलो टाक.