लाडका खेळाडू सोडायलाही हिंमत लागते
मालकाने थैली मोकळी सोडली की विजेतेपद येतंच, जनरल मॅनेजर (खेळाडू घेणं-सोडणं ठरवणारा अधिकारी) नुसता सह्या करतो, असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतला बेसबॉल संघ बोस्टन रेड सॉक्स बघा. जॉन हेन्री यांच्या गटाने २००२मध्ये संघ घेतला आणि वर्षअखेरीस अवघ्या २८ वर्षांच्या थिओ एपस्टीनकडे जनरल मॅनेजर म्हणून कारभार सोपवला. जुलै २००४मध्ये त्याने नोमार गार्सियापारा हा बोस्टनचा लाडका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) दुसऱ्या संघाला देऊन टाकला, कारण संघाचं क्षेत्ररक्षण ढिलं पडलं होतं. चाहते हादरले, तरी मालकांनी तो सौदा होऊ दिला. माझ्या लेखी खरी मालकी ती. ऑक्टोबरात संघाने १९१८नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली. पुढे एपस्टीन शिकागो कब्ज या दुसऱ्या बेसबॉल संघाकडे गेला. तिथे मालक असलेल्या रिकेट्स कुटुंबाने २०१२च्या हंगामातले १०१ पराभवही सोसले.