पहिलं अंडं येईपर्यंत : तलंगा पाळणाऱ्यांचे अनुभव

आमच्या धायरीच्या घरामागे दीड गुंठा मोकळी जागा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून आरआयआरची, म्हणजे ऱ्होड आयलंड रेडची, एक दिवसाची 15 पिल्लं आणली. एक मांजरानं नेलं, तीन कोंबडे निघाले ते देऊन टाकले. उरल्या 11 तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या.

आज त्यांना एकोणिसावा आठवडा लागला. सकाळी चहा गॅसवर ठेवायच्या आधी मी मागे जाऊन अंडी घालायच्या पेटीत हात घालून येते. हाताला फक्त तूस लागतं. शेजारचे काका कुंपणावरून रोज विचारतात, "काय, लागला का निकाल?" परवा म्हणाले, "आखाड लागलाय. अंडी देत नसतील तर दुसरा उपयोग आहेच की." आई तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीये.

अकरा जणींनी मिळून आतापर्यंत सत्तरेक किलो खाद्य फस्त केलंय आणि वाण्याकडून अंडी आणणं चालूच आहे. लेयरचं, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य कधी सुरू करायचं, दिवा लावायचा का, पेटी कशी हवी, यावर जो भेटतो तो वेगळं सांगतो. पुस्तकातलं वाचून झालंय. मला तुमचं हवंय. काय चुकलं, काय जमलं, कुणी काय सांगितलं आणि ते खरं निघालं का, ते लिहा.

*

ताई, खाद्याचं मी सांगतो, कारण त्याची किंमत मोजलीय.

भुकूमला आमचं शेतघर आहे. माझी पहिली खेप 20 तलंगांची होती. बारा आठवड्यांच्या झाल्या तेव्हा ग्रोअरचं, म्हणजे वाढीच्या वयातल्या खाद्याचं, पोतं संपलं. दुकानदार म्हणाला, "आता लेयरच न्या साहेब, लवकर अंड्यावर येतील." मला तेच ऐकायचं होतं. घेऊन आलो. महिन्याभरात दोघी मलूल झाल्या, पाणी पाणी करायला लागल्या, विष्ठा पांढरी पातळ. दोन्ही गेल्या. पशुवैद्यांनी एक उघडून दाखवली. मूत्रपिंडं सुजलेली आणि काळजावर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर.

त्यांनी तिथंच बाकावर बसवून समजावलं. ग्रोअरमध्ये कॅल्शियम साधारण 1 टक्का असतं, लेयरमध्ये साडेतीन ते चार टक्के. एका अंड्याच्या कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून घालणाऱ्या कोंबडीला तेवढं लागतंच. पण जिचं कवच बनायलाच सुरुवात झालेली नाही तिनं ते ठेवायचं कुठं? सगळा भार मूत्रपिंडावर येतो. पहिल्या अंड्याच्या दहा-बारा दिवस आधी तिचं शरीर आपणहून हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करायला लागतं. कोठार उघडायच्या आधी दारात पोती आणून टाकली तर ती भिजणारच, असं ते म्हणाले.

आता मी काय करतो: पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअरच. सोळाव्या आठवड्याला जंताचं औषध. अठराव्या आठवड्यापासून शिंपल्याची चुरी एका वेगळ्या मडक्याच्या खापरीत ठेवतो, खाद्यात मिसळत नाही. जिला गरज आहे ती तिथं जाऊन टोचते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. अंडं दिसलं की आठवडाभर निम्मं ग्रोअर, निम्मं लेयर, मग पूर्ण लेयर.

त्या दुकानात मी अजूनही जातो, जवळ तेच आहे. सल्ला मात्र घेत नाही.

*

आम्ही सासवडकडच्या. माझ्या लहानपणी कोंबडीचे आठवडे कुणी मोजत नव्हतं. आजी तोंडाकडं बघून सांगायची.

तुरा आधी फिकट, आखडलेला असतो. तो रसरशीत लाल झाला, गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या भरल्या, की समजायचं पोरगी वयात आली. मग ती एक वेगळाच सूर काढत फिरते. कुरकुरही नाही आणि गाणंही नाही. प्रत्येक कोपऱ्यात, सुपात, लाकडांच्या मागं डोकावून येते. आणि खरी खूण म्हणजे आपण पाठीवर हात ठेवायला गेलो की पळत नाही, पंख जरा पसरून जागच्या जागी बसकण मारते. तिथून आठवडा-दोन आठवडे.

आजीची दुसरी परीक्षा बोटांची. कोंबडी काखेत धरायची आणि शेपटाखाली दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडं लागतात त्यांच्यामधलं अंतर बघायचं. एक बोट मावलं तर अजून अवकाश आहे, दोन-तीन मावली तर टोपली लावायची. मी पुण्यात आल्यावर एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथंही हेच दाखवलं. फक्त आजी त्याला प्रशिक्षण म्हणत नव्हती.

आणि बाई, तुमच्या आरआयआर आहेत, गावरान नाहीत. त्या वीस ते चोवीस आठवड्यांत येतात. गावरान सहा महिने सहज घेते, कधी सातही. एकोणिसाव्या आठवड्याला कसली घाई करता? पेटीत हात घालायचं बंद करा, नाहीतर त्या पेटीलाच घाबरतील.

*

कोथरूडमध्ये बंगल्याच्या गच्चीवर चार. म्हणजे घेतल्या चार, निघाल्या तीन आणि एक बुवा. पहाटे चारला आरवायला लागला. शेजारच्या सोसायटीतून निरोप आला, मग रात्री त्याच्यावर डालगं आणि डालग्यावर गोधडी. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही हे माहीत होतं, पण कोंबडंही गप्प बसत नाही हे नव्यानं कळलं. शेवटी माणच्या एका ओळखीच्यांकडे त्याची रवानगी केली. अंडी घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असली तरच लागतो. हे माझ्या सख्ख्या भावाला अजून पटलेलं नाही.

माझी फजिती पेटीची. मार्केट यार्डातून आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या आणल्या, एक एक फूट लांब-रुंद, आत तूस. हौसेनं भिंतीला चांगल्या चार फुटांवर ठोकल्या. बसायचा बांबू मात्र दोन फुटांवर. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा लागते. तिघी रोज पेटीतच झोपायच्या आणि सकाळी पेटीची जी अवस्था असायची ती लिहीत नाही. आता पेटी गुडघ्याच्या उंचीवर आणि बांबू तिच्या वर. पेटीच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा, आत अंधार. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. पण तुम्ही अकरांना तीन लावा, कारण सगळ्यांना एकच पेटी आवडते आणि बाहेर रांग लागते.

एवढं करून तेवीस आठवडे उलटले तरी पेटी रिकामीच. मी रोज तोंड पाडून खाली यायचे. मग एक दिवस प्लंबर आला टाकीचा व्हॉल्व्ह बघायला. टाकीमागून ओरडला, "ताई, इथं दुकान आहे अंड्यांचं!" रद्दीच्या फाटक्या पोत्यात 14 अंडी. पाण्यात टाकून बघितली. तीन तरंगली ती टाकली, दोन उभी राहिली ती केकात गेली, बाकीची आडवी पडली. दुसऱ्या दिवशी पोतं हलवलं आणि पेटीत टेबल टेनिसचा चेंडू ठेवला. एकीनं तो टोचून बाहेर फेकला, तेव्हा त्यात वाळू भरून भोक बुजवलं. दोन दिवसांत तिघी पेटीत.

*

दिव्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हडपसरच्या पुढे एका लेयर फार्मवर मी सहा वर्षं सुपरवायझर होतो.

कोंबडी अंड्यावर येते ती खाद्यानं जेवढी, तेवढीच उजेडानं. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो. दिवस वाढतोय असं वाटलं की निरोप लवकर जातो, कमी होतोय वाटलं की थांबतो. चांगली घालायला 14 ते 16 तासांचा उजेड लागतो. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस 13 तासांच्या थोडा वर आणि डिसेंबरातला सगळ्यात छोटा 11 तासांचा. म्हणून जुलैत जन्मलेली पिल्लं डिसेंबरात वयात येतात आणि मालक डोक्याला हात लावून बसतो. तुमची फेब्रुवारीची आहेत, तुमचं नशीब चांगलं. दिवा नाही लावला तरी ऑगस्टपर्यंत यायला पाहिजेत.

आता माझी चूक. फार्म सोडल्यावर घरी 30 ठेवल्या. मनात म्हटलं, आपण जाणकार. चौदाव्या आठवड्यालाच दिवे चढवले, एकदम 16 तास. सतराव्या आठवड्यात अंडी सुरू! बायकोला दाखवत फिरलो. अंडी लिंबाएवढी. मग एका सकाळी एकीचं अंग बाहेर आलेलं, आणि कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात. मी पोचेपर्यंत बाकीच्यांनी तिला संपवलं होतं. त्या महिन्यात अशा तीन गेल्या. कमरेचा सांगाडा भरायच्या आत अंडं आलं तर वाट फाटते, एवढी साधी गोष्ट. फार्मवर आम्ही वय नाही, वजन बघून लाइट वाढवायचो. घरी काटा होता, पण वापरला नाही.

लावायचाच असेल तर विसाव्या आठवड्यानंतर, आठवड्याला अर्धा तास, साधा 9 वॅटचा बल्ब, आणि वाढीव उजेड पहाटे द्या. संध्याकाळी दिला आणि दिवा एकदम गेला तर त्या आहेत तिथं अंधारात अडकतात, बांबूवर चढता येत नाही. टायमर लावा. रोज उठून बटण दाबणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

*

वाघोली. माझ्याकडे अंड्यापर्यंत वेळच आली नाही. 15 होत्या, सोळाव्या आठवड्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली. पाच दिवसांत 9 गेल्या. त्यावरची सातव्या दिवसाची लासोटा लस डोळ्यात घातली होती. आठव्या आठवड्याची आर-टू-बी लस राहिली, कारण कुपी शंभर डोसची आणि आपल्या कोंबड्या पंधरा, कोण जाणार एवढ्यासाठी, असं झालं. आता आम्ही गल्लीतली चार घरं मिळून एक कुपी आणतो. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची आणि कालवली की दोन तासांत संपवायची. तलंगा अंड्याच्या तोंडावर असताना लस टोचणं, जागा बदलणं, नव्या कोंबड्या आणून सोडणं, काहीच करू नका. जे करायचं ते सोळा आठवड्यांच्या आत.

राहिलेल्या सहांनी सत्ताविसाव्या आठवड्यात सुरुवात केली. आनंद झाला, पण मोजताना नऊ डोळ्यांसमोर यायच्या.

*

सिंहगडाच्या पायथ्याशी राहतो. मुंगूस. एवढंच लिहायला आलो होतो. षटकोनी भोकांची जी कोंबड्यांची जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला आहे, मुंगूस बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि ती फूटभर जमिनीत पुरा. अंडी सुरू झाली की वासावर धामणही येते. ती कोंबडीला काही करत नाही, पण संध्याकाळी पेटीत हात घालायच्या आधी टॉर्च मारा.

*

पहिली अंडी बघून घाबरू नका, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं मला. पहिलं कबुतराच्या अंड्याएवढं, आत पिवळं बलकच नाही. दुसरं बिनकवचाचं, नुसत्या पातळ पापुद्र्यात, हातात पाण्याच्या फुग्यासारखं. तिसऱ्यावर रक्ताची रेघ. मी तिन्हींचे फोटो डॉक्टरांना पाठवले तर त्यांनी हसण्याची खूण पाठवली. यंत्र नवीन आहे, दोन-तीन आठवड्यांत बसतं. पुढे एकात दोन बलक निघाले तेव्हा घरात भांडण झालं कुणी खायचं यावरून.

आणि रोज त्याच वेळी अंडं येणार नाही. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांच्या थोडं वरच लागतं, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला. म्हणून आज आठला, उद्या साडेनऊला, असं सरकत सरकत दुपारपर्यंत जातं आणि मग एक दिवस सुट्टी. आमच्या सासूबाई पहिल्या सुट्टीला म्हणाल्या, "आटली वाटतं." गाय वाटली काय!

अंडी धुऊ नका. वर एक नैसर्गिक लेप असतो, त्यानं ती टिकतात. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा.

*

धायरीहून परत मीच. सगळ्यांचे आभार. भुकूमच्या दादांचं वाचून लेयरचं पोतं, जे मी आधीच आणून ठेवलं होतं, ते दोरी न सोडता माळ्यावर टाकलं. पेट्या एकाच्या तीन केल्या. दिवा लावला नाही. पेटीत हात घालायचं बंद केलं, म्हणजे दिवसातून एकदाच.

मागच्या गुरुवारी आई तुळशीला पाणी घालत होती तर एक जण तिच्या पायाशी येऊन पंख पसरून बसली. आईनं मला हाक मारली नाही, स्वतःच उचलून बोटं लावून बघितली. "दोन मावतात गं," म्हणाली. आज तेविसाव्या आठवड्यात, साडेअकरा वाजता, मधल्या पेटीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 38 ग्रॅम. तपकिरी, एका टोकाला खडबडीत. घातलं कुणी ते कळलं नाही, कारण आरडाओरडा अकरा जणी करत होत्या.

आई ते अंडं पदरात घेऊन कुंपणापाशी गेली. महिन्याभरात पहिल्यांदाच काकांशी बोलली. "घ्या, निकाल. पहिलं तुम्हालाच."

काकांनी हातात घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि परत दिलं. श्रावण लागलाय. आमच्याकडेही पाळतात. तेव्हा अंडं फ्रिजच्या दारात बसलंय, गणपती जाईपर्यंत. मधल्या पेटीसमोर आत्ता आणखी दोघी उभ्या आहेत.