मदत हवी आहे : व्हेर्कीस यांच्या जुन्या तबकड्यांविषयी

जाणकारांना नमस्कार. काँगोचे सॅक्सोफोनवादक आणि निर्माते व्हेर्कीस कियामुआंगाना मातेता (१९४४–२०२२) यांच्या कारकिर्दीवर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. गिटारवादक फ्रँको यांच्या ओके जाझ या वाद्यवृंदात नाव कमावल्यावर १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा वेवे हा वाद्यवृंद उभा केला आणि पुढे त्याच नावाच्या कंपनीतून बेला बेला, लिपुआ लिपुआ, कियाम अशा तरुण वाद्यवृंदांच्या रेकॉर्ड काढल्या. माझ्या मते त्यांचे हे काम वादनाइतकेच मोलाचे आहे.

अडचण अशी आहे की, माझ्याकडच्या ४५ आरपीएमच्या तबकड्यांवर एकच गाणे दोन बाजूंना विभागलेले आहे. पहिल्या बाजूवर संथ गायन, आणि तबकडी उलटली की गिटारींचा वेगवान ‘सेबेन’, म्हणजे नाचासाठीचा वादनाचा भाग. संगणकावर उतरवून दोन्ही भाग जोडले, की सांध्यापाशी लय अडखळते आणि दुसऱ्या बाजूचा स्वरही किंचित चढा लागतो. हा सांधा कसा साधावा, की बाजू वेगळ्याच ठेवाव्यात? शिवाय या गाण्यांची लिंगाला भाषा जाणणारे कोणी, विशेषतः काँगोची राजधानी किन्शासात राहिलेले मराठी बांधव, त्यांचे शब्द मला समजावून देऊ शकतील का?