उत्तर: पर्ज आणि रीसायकलचा हिशेब कुठून सुरू करायचा

अमोनिया लूपच्या गणितात (नायट्रोजन-हायड्रोजनपासून अमोनिया बनतो; न वापरला गेलेला वायू परत रिअ‍ॅक्टरकडे फिरवतात तो रीसायकल, त्यातला थोडा बाहेर सोडतात तो पर्ज) ‘रीसायकल माहीत नाही, मग पर्ज कसा काढू?’ असं विचारलंय. रिअ‍ॅक्टरपासून सुरुवात केली की हमखास अडकायला होतं. आधी पूर्ण लूपभोवती सीमा आखा. रीसायकल आतच राहतो, त्याची गरजच पडत नाही.

बेसिस (हिशेबाचा आधार) म्हणून १०० मोल ताजा फीड, म्हणजे आत येणारा नवा वायू, घ्या: नायट्रोजन २४.७५, हायड्रोजन ७४.२५, आर्गॉन १ (हा प्रक्रियेत भाग घेत नाही). अमोनिया पूर्ण कंडेन्स होतो, म्हणजे द्रव होऊन वेगळा निघतो, आणि आर्गॉन त्यात विरघळत नाही असं धरा. म्हणजे आर्गॉनला बाहेर पडायला पर्ज हीच वाट. पर्जमध्ये तो १० टक्के चालणार असेल, तर पर्ज १० मोल. त्यातले उरलेले ९ मोल १:३ प्रमाणात: नायट्रोजन २.२५, हायड्रोजन ६.७५. म्हणून २२.५ मोल नायट्रोजन वापरला गेला, अमोनिया ४५ मोल (N₂ + 3H₂ → 2NH₃).

आता रिअ‍ॅक्टर. सिंगल पास कन्व्हर्जन (रिअ‍ॅक्टरमधून एका फेरीत वापरला जाणारा नायट्रोजनचा वाटा) २० टक्के धरा, म्हणजे आत नायट्रोजन २२.५ ÷ ०.२ = ११२.५ मोल. हे २० टक्के ताज्या फीडला लावणं ही नेहमीची चूक. (व्हायव्हात हटकून विचारतात.) ११२.५ वजा २४.७५ = ८७.७५ मोल नायट्रोजन रीसायकलमधून येतो. स्प्लिटरवर (जिथे वायू रीसायकल आणि पर्जमध्ये विभागतो) दोन्हींची रचना तीच असते, नायट्रोजन २२.५ टक्के, तेव्हा एकूण रीसायकल ८७.७५ ÷ ०.२२५ = ३९० मोल. ताज्या फीडच्या जवळजवळ चौपट!

ताळा मोलवर करू नका. आत १००, बाहेर ५५ दिसतील, कारण प्रक्रियेत ४ मोलचे २ होतात. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ८८१.५ ग्रॅम यायलाच हवं.