कातळावरचं निळं झुपकेदार फूल: नभाळी की आभाळी?

गवतफुल्या: साताऱ्याच्या पश्चिमेकडचा सडा (कातळाचं पठार), सप्टेंबरचा पहिला आठवडा. उघड्या कातळावर बोटभर मातीत वाढलेलं रोप, उंची वीतभरही नाही. फूल निळं-जांभळं, करंगळीच्या नखाएवढं, पाकळ्या तीन, मधे निळ्या केसांचा झुपका. केना नाही एवढं कळतं. मग काय? फोटो दुपारी दीडचा आहे, फूल मिटत आलंय.

कातळसडा: केना बाद, बरोबर. केन्याच्या दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी बारकी, आणि फूल होडीसारख्या दुमडलेल्या छदातून (फुलाखालच्या पानासारख्या भागातून) वर येतं. आता पुंकेसर मोजा, दहापट भिंग पुरतं. सहाही पुंकेसरांवर परागकोश आणि त्यांच्या दांड्यांवर निळे केस दिसले तर सायनोटिस, म्हणजे नभाळी-आभाळीची प्रजाती. मर्डानिया ही केना कुळातलीच दुसरी प्रजाती, तिच्यात परागकोश दोन-तीनच कामाचे, बाकी पुंकेसर वांझ. नुसत्या केसांवर जाऊ नका, मर्डानियाच्या काही जातींतही ते असतात. शंका उरलीच तर पाकळ्या बघा: सायनोटिसच्या मधल्या भागात जुळून नळी होते, मर्डानियाच्या तळापासून सुट्या.

गवतफुल्या: सहाही पुंकेसर केसाळ, सगळ्यांवर परागकोश. मग दोघींतली कुठली?

रानपान: उंचीवरून ठरवू नका. माती पातळ असली की आभाळीही खुरटीच राहते. बुंधा बघा. आभाळी बहुवर्षायू, जमिनीत तिच्या गाठाळ मुळ्या असतात, म्हणून तळाशी लांब पानांचा झुबका दिसतो. नभाळी एका पावसाळ्याची, तळाशी असा झुबका नाही. पानं आखूड, मांसल, सगळ्या अंगावर मऊ लव. मुळ्या बघायला रोप उपटायची गरज नाही, पानांवरून भागतं.

गवतफुल्या: झुबका नाही, पानं आखूड, खोडावर पांढरट लव.

रानपान: मग नभाळी, सायनोटिस फॅसिक्युलाटा.

कातळसडा: सहमत. पुढच्या वेळी सकाळी आठ ते अकरात जा. केना कुळातली फुलं काही तासांचीच. दुपारनंतर पाकळ्या विरघळल्यासारख्या गोळा होतात आणि पुंकेसर मोजता येत नाहीत. फोटो चार हवेत: समोरून फूल, बाजूने फूल (छद दिसायला), पान खोडाला मिळतं ती जागा, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून अख्खं रोप. भर उन्हात मोबाइल निळ्याचा जांभळा करतो, छत्रीची सावली धरा. आणि गुडघा टेकायचा तो कोरड्या कातळावर, ओल्या शेवाळावर नको, तिथेच बारकी रोपं दाटीने असतात.